असईचं गाव करतोय, पण टेबलावर सगळं अफगाणिस्तान दिसतंय

सव्वा_इंची_शिपाई

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

आम्ही तिघे मित्र दिवाळीच्या सुट्टीत टेबलावर छोटे शिपाई मांडून असईची लढाई खेळणार आहोत. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. शिपाई २८ मिलिमीटरचे, टेबल सहा फूट बाय चार फूट. शिंद्यांचा सेनानी पोलमन, त्याच्या कंपूच्या म्हणजे कवायती फौजेच्या चार पलटणी माझ्याकडून रंगवून झाल्या. इंग्रजांची ७८वी हायलँडर पलटण दुसऱ्याकडे आहे आणि तोफा तिसरा थ्रीडी प्रिंटरवर काढतोय. गाव माझ्या गळ्यात पडलं, कारण बाल्कनी फक्त माझ्याकडे आहे.

पहिली तीन घरं फ्रिजच्या खोक्यातल्या थर्मोकोलची केली. त्यावर काळा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत भिंतींना देवी आल्यासारखे खड्डे पडले. दुसऱ्यांदा सनबोर्ड घेतला, त्यावर फेव्हिकॉल आणि चाळलेली वाळू लावली, यलो ऑकर दिला, पांढऱ्याने ड्राय ब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळले. घरं नीट उभी राहिली. मग मित्र आला, पाचेक मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही असई आहे की कंदाहार?"

आता मलाही तसंच दिसतंय. मातीच्या घरांचे जेवढे व्हिडिओ बघितले ते सगळे वाळवंटातले होते, त्यामुळे हात तसाच वळला असणार. छपरांसाठी पुठ्ठ्याची तीनशेच्या वर मंगलोरी कौलं कापून ठेवलीत, ती अजून चिकटवली नाहीत. चिकटवू का? भिंतींचा रंग नक्की कुठला? नदी निळी की हिरवी? आणि गाव एकच करू की तीन? पिंपळगाव आणि नदीपलीकडचं गावही नकाशात दिसतंय, पण एवढी घरं करायला वेळ नाही.

पुठ्ठेबहाद्दर

स्प्रेमधलं थिनर थर्मोकोल खातं. गुलाबी-निळ्या एक्सपीएस (दाट फोमच्या) शीटलाही खातं, तेव्हा तिथेही मारू नका. आधी काळा ॲक्रिलिक आणि फेव्हिकॉल निम्मे निम्मे मिसळून ब्रशने दोन हात द्या. तो थर वाळला की वर काहीही चालतं. पोस्टर कलर मात्र वापरू नका. वर वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, दिला की खालचा रंग परत सुटतो आणि सगळं गढूळ होतं.

कौलं लावून टाका. तीनशे कापलीत म्हटल्यावर लावायलाच हवीत!

कवळीवाली

कौलं लावू नका. तीनशे असोत की तीन हजार.

मंगलोरी कौलाचा कारखाना बाझेल मिशनने मंगळुरात काढला तो १८६५ साली. तुमची लढाई त्याच्या बासष्ट वर्षं आधीची. ती कौलं डब्यात ठेवा, कधी कोकणातलं रेल्वे स्टेशन केलंत तर उपयोगी पडतील. पत्राही नको, नालीदार पत्रा निघाला १८२९ला.

माझी ओळख म्हणजे मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर कवळ्या, कॅपा, ब्रिज. दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवण्यात माझी चौदा वर्षं गेली आहेत. त्यामुळे कुणी 'पांढरा' किंवा 'मातकट' एवढंच म्हणून थांबलं की मला चैन पडत नाही. रात्री जेवणं आटोपली की त्याच मेणाच्या कोरण्या घेऊन घरं कोरते. आणि माझं माहेर भोकरदन तालुक्यात आहे, म्हणजे तुमची असई ज्या तालुक्यात आहे तिथलंच. आजीचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं होतं. मी त्या माळवदावर झोपलेली आहे, त्यावरून एकदा पडलेलीही आहे.

फोटो पाहिले. घरं ठीक आहेत तुमची. घोळ जमिनीत आहे.

आमच्याकडं वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. जुन्या कागदपत्रांत 'काळी-पांढरी' असा जोडशब्दच येतो. तुमच्या पॅलेटवरचे दोन मुख्य रंग तिथंच ठरले. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती एकाच जागी मुरत गेल्या की ती जागा राखाडी-पांढरी होते. गावाच्या वेशीतून बाहेर पाऊल टाकलं की पायाखाली काळी. असा फरक डोळ्यांना चटकन दिसतो. तुम्ही गावाला आणि शेताला एकच पिवळा रंग दिलाय, म्हणून तो मित्र कंदाहार म्हणाला. बिचारा बरोबर बोलला.

बोर्ड आधी पूर्ण काळा करा, म्हणजे बर्न्ट अंबरमध्ये काळा घालून. निव्वळ काळा नको, तो डांबरी रस्ता दिसतो. गावाच्या जागी वेगळा चकती-तुकडा ठेवा, शेतापेक्षा पाच-सहा मिलिमीटर उंच, कडा उतरत्या. जुनी गावं अशीच थोडी उंचावर बसलेली असतात. त्या तुकड्याला आणि भिंतींना एकाच कुळातला रंग द्या, कारण भिंती त्याच मातीच्या. माझं मिश्रण असं आहे: एक भाग रॉ अंबर, तीन भाग पांढरा, ऑकर चिमूटभर. तुम्ही वाटीभर घातलाय. मग पातळ तपकिरी वॉश, वाळल्यावर त्याच मिश्रणात आणखी पांढरा घालून ड्राय ब्रश. शुद्ध पांढऱ्याने ड्राय ब्रश केला की भिंत मातीची न राहता पिठात लोळल्यासारखी दिसते.

आता तारीख. २३ सप्टेंबर म्हणजे नवरात्राच्या आसपासचे दिवस. पाऊस होऊन गेलेला, नदीला पाणी, शेतं उभी. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरतात ना, त्यातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे कोंब येतात तो तुमच्या टेबलाचा नमुना. आईला किंवा सासूला विचारून घटाचा एक फोटो काढा आणि रंग त्याच्याशी ताडून बघा. हसू नका, मी तसंच केलं. सासूबाईंनी विचारलं कशाला, मी म्हटलं ऑफिसचं काम आहे.

मातीचा माझा एक फजितीचा किस्सा आहे. मला वाटलं, रंग कशाला, खरी काळीच आणू. माहेरून पाच किलो आणली, फेव्हिकॉलमध्ये कालवली आणि बोर्डावर चांगली जाड थापली. काळी जमीन पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते, हे लहानपणापासून बघितलेलं, पण डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डभर भेगा! २८ मिलिमीटरच्या शिपायाचा पाय गुडघ्यापर्यंत जाईल अशा. उन्हाळ्यातल्या लढाईला शोभल्या असत्या, सप्टेंबरात कुठून आल्या? सगळं खरवडून काढलं. आता रंगवलेल्या बोर्डावर पातळ फेव्हिकॉल लावते आणि चहाच्या गाळणीतून तीच माती नुसती भुरभुरवते. तेवढ्यात काम होतं.

घराची मापं. २८ मिलिमीटर म्हणजे साधारण एकास छप्पन्न धरा. मातीची भिंत दोन फूट जाड असायची, ती येते अकरा मिलिमीटर. म्हणजे दहा मिलिमीटरची एक्सपीएस शीट जशी मिळते तशी वापरली तरी भिंत खरी वाटते. सनबोर्ड तीन किंवा पाच मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तुमच्या दाराच्या कडेला भिंत पापडासारखी दिसतेय. दार पस्तीस मिलिमीटर उंच ठेवा. खरी दारं ठेंगणी असायची, आजोबा वाकूनच आत यायचे. पण शिपायाच्या पायाखाली बेस असतो, त्यामुळे खरं माप ठेवलं तर तो दारात डोकं आपटणार असं दिसतं. खिडक्या जवळजवळ नकोतच. बाहेरच्या भिंतीला एखादा झरोका पुरे. घराचं जोतं मात्र काळ्या दगडाचं करा, सेंटिमीटरभर, आणि दारापुढं ओटा. मुख्य रस्त्यावरच्या एखाद्या घराला ओट्यावर दोन लाकडी खांब उभे केलेत की वाळवंट संपलं, मराठवाडा सुरू.

भिंतीच्या पोतासाठी वाळू नको, ती फार खरखरीत. भिंतीला लावतात ती पुट्टी थोड्या फेव्हिकॉलमध्ये कालवा आणि बोटानं लावा. अर्धवट ओली असताना जुन्या टूथब्रशने अर्धगोल फटकारे मारा. सारवणाचा हात असाच अर्धगोल फिरतो. अंगणात तेच फटकारे, पण त्यावर किंचित हिरवट तपकिरी वॉश द्या, ते शेणानं सारवलेलं. भिंतीचा खालचा सेंटिमीटरभर भाग गडद करा, पावसाचे शिंतोडे उडून तो ओला राहतो.

आणि माळवद. तुळया भिंतीबाहेर थोड्या डोकावतात, आईस्क्रीमच्या काड्या नकोत त्याला, त्या चपट्या. अगरबत्तीच्या काड्याही बारीक पडतात. बांबूचे स्क्युअर घ्या. वर मातीचा थर, चारी बाजूंनी बुटका कठडा, एका बाजूला उतार आणि तिथं पन्हळ. मध्ये एक साणं, म्हणजे उजेड-धुरासाठी ठेवलेलं भोक. त्यावर पावसाळ्यात आमच्याकडं फुटकं मडकं पालथं घालायचे, ते करायला जपमाळेचा मणी अर्धा कापा. आणि सप्टेंबर आहे, तेव्हा माळवदावर गवत! मातीचं छप्पर, दोन-तीन महिने पाऊस, उगवणारच. माझ्या आजीच्या माळवदावर तरोटाही यायचा. हे एवढं एक केलंत तरी कुणी वाळवंट म्हणणार नाही. छप्पर चिकटवू नका, नुसतं बसतं ठेवा. खेळताना शिपाई आतही ठेवता येतात आणि माळवदावरही चढवता येतात.

अळीववाला

वा! मी इतकी वर्षं मुलांबरोबर दिवाळीत किल्ला करतो, हे सगळं तिथं लागू. गवतासाठी अळीव पेरा की. चार दिवसांत हिरवंगार होतं, फुकट आणि अस्सल. उंचवट्यांसाठी गोणपाट चिखलात बुडवून विटांवर पसरा.

कवळीवाली

किल्ल्याला उत्तम. पण अळिवाचा कोंब असतो दोन-तीन इंच. एकास छप्पन्नच्या हिशेबात तो दहा-बारा फुटी गवताचं रान होतो, त्यात ७८वी हायलँडर दिसायचीच नाही. शिवाय लढाई संपायच्या आत सुकतो. आणि ह्यांचा बोर्ड एमडीएफचा आहे. त्याच्यावर पाणी शिंपडलं की तो पापडासारखा वळतो.

बर्मिंगहॅमकर

कवळीवाली ताई, मानलं. मी इथल्या एका क्लबात गेली काही वर्षं खेळतोय, त्यामुळे दोन शब्द खेळणाऱ्याच्या बाजूने.

इथे बाजारात 'मातीची घरं' म्हणून जी तयार मिळतात ती बहुतेक वायव्य सरहद्द किंवा मध्यपूर्व डोळ्यापुढे ठेवून केलेली. आमच्याकडेही हिंदुस्थानातली कुठलीही लढाई असली की तीच काढून मांडतात. मी स्वतः तीन वेळा त्यांच्यात असई खेळलोय आणि शरमेनं सांगतो, कधी खटकलं नाही. ताईंचं वाचून आज खटकलं.

पण गावांच्या संख्येबद्दल. तिन्ही गावं हवीत. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणा नदीला इथे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा नाही. त्याला पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या काठावर दुसरं गाव दिसलं. इंग्रजी कागदांत ते वारूर असं लिहिलेलं आहे. दोन गावं इतकी समोरासमोर वसली म्हणजे लोकांची ये-जा असणार आणि ये-जा असेल तर उतार असणार, असा त्याने तर्क केला आणि तो खरा निघाला. ही दोन गावं टेबलावर नसतील तर फौज नदी कुठून ओलांडते हे कुणालाच कळणार नाही. मात्र तिथे लढाई होत नाही, म्हणून प्रत्येकी दोन घरं आणि एक झाड पुरे. सगळी मेहनत असईवर करा.

कारण असईच्या गावावरच खेळ फिरतो. पोलमनने आपली फळी पूर्वेकडे तोंड करून वळवली तेव्हा तिचं डावं टोक असईला टेकलं होतं आणि उजवं केळणेला. गावाभोवती तोफा. इंग्रजांच्या उजव्या बगलेची तुकडी भलतीकडे सरकत थेट गावासमोर गेली, तिच्यामागून ७४वी हायलँडर गेली आणि दोघींची तिथे वाताहत झाली. तेव्हा असईचं गावकूस भक्कम करा, सहा सेंटिमीटर तरी उंच, आणि तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे तोफ ठेवायला एखादा तुकडा काढता येईल. भिंतीचा माथा सपाट नको, वाऱ्यापावसानं झिजलेला, वर-खाली.

घरं मात्र फार करू नका. असईला पाच. शिपायांचे बेस चाळीस मिलिमीटरचे असतील तर गल्ली पन्नासची हवी, नाहीतर पलटण गावात शिरतच नाही आणि दर फेरीला वाद. खऱ्या गावातल्या गल्ल्या बैलगाडीपुरत्या होत्या हे मान्य, पण खेळायचंही आहे.

एका बाबतीत ताईंशी थोडा असहमत आहे. इतका काळा बोर्ड केला तर गडद निळे डगलेवाले शिपाई त्यात हरवतात. मी पुस्तकी रंगापेक्षा दोन छटा फिका घेईन.

सव्वा_इंची_शिपाई

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कौलं डब्यात गेली. (रडू आलं, पण गेली.)

एक्सपीएस आणलं आणि काल पहिलं घर केलं. टूथब्रशचे अर्धगोल फटकारे जमले! आई मागून येऊन म्हणाली, "अरे, सारवलंय की काय," तेव्हा बरं वाटलं.

आता उरलेले प्रश्न. शेतं कशाची करू? काथ्याचं पायपुसणं कापून गव्हाचं शेत करतात असं पाहिलंय. नदीचं पाणी कसं करू? आणि झाडं कुठली? माझ्याकडे लाल फुलांची तयार झाडं आहेत, गुलमोहरासारखी, छान दिसतात.

कवळीवाली

गुलमोहर मादागास्करचा. १८०३च्या दख्खनच्या गावात तो नव्हता. सध्या रस्त्याकडेला दिसतं ते गाजर गवतही नको, ते आपल्याकडं १९५०च्या दशकात आलं. बाभूळ, कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ लावा. पिंपळगावात पिंपळ लावायला विसरलात तर मी पुण्याला येईन. त्याला पार बांधा, गोल, काळ्या दगडाचा.

बाभूळ सोपी. विजेच्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड करायचं, फांद्या आडव्या पसरायच्या, आणि वर कात्रीनं बारीक केलेली हिरवी घासणी विरळ चिकटवायची. विरळच, बाभळीतून आभाळ दिसतं. पिवळ्या फुलांसाठी मी हळद टाकली होती. काय सुंदर दिसली! खिडकीपाशी ठेवली आणि महिन्याभरात उन्हानं हळद उडाली, बाभूळ वांझ. आता पिवळ्या रंगात बुडवलेली बारीक रांगोळी टाकते. पाचोळ्यासाठी चहाचा चोथा चालतो, पण तव्यावर कोरडा भाजून. नुसता वाळवला आणि बाहेर पावसाळी हवा असली की त्याला बुरशी धरते. माझ्या एका वडाखाली खरीखुरी भूछत्रं आली होती, सांगते काय.

शेतं. गहू हे रब्बीचं पीक, सप्टेंबरात तो पेरलेलाही नसतो. बाजरी करा, ती तेव्हा कणसात असते. बाजरी सात फूट धरली तर अडतीस मिलिमीटर होते, आणि पायपुसण्याचा काथ्या त्याच्या निम्माही नसतो. केरसुणीच्या काड्या अडतीसवर कापा, शीटमध्ये दाभणानं भोकं पाडून ओळीत रोवा. टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून बारीक वाळूत घोळवा, झालं कणीस. काहीजण रवा किंवा खसखस सांगतात. मुंग्या लागतात, आणि खसखशीचा भाव विचारून बघा. शेत छोट्या छोट्या पट्ट्यांत करा, पट्टी उचलली की तिथं पलटण उभी राहील. पायपुसणं वाया घालवू नका, हिरवं रंगवून उडीद-मूग म्हणून एक तुकडा चालून जाईल. आणि एका शेतात माळा उभा करा. चार काड्या, वर आडव्या काड्या, त्यावर गोफण घेतलेलं पोरगं. कणसं भरायला लागली की पाखरं हाकायला कुणीतरी बसलेलं असतंच. पोरगं नसलं तर नुसता रिकामा माळा ठेवा. मला वाटतं त्या दिवशी रिकामाच असेल.

नदी निळी फक्त भूगोलाच्या वहीत. पावसाळा सरता सरता केळणा गढूळच असणार. मध्ये गडद तपकिरी, काठाकडं मातीचा फिका रंग, उतार असेल तिथं सगळ्यात फिका, म्हणजे बघणाऱ्याला पाणी उथळ आहे हे न सांगता कळेल. वर चमकीचं वार्निश तीन हात. हात देताना मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या, हल्लीच्या हवेत तर दोन. इपॉक्सीच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. काठ मात्र खडे ठेवा, उताराची जागा सोडून.

बर्मिंगहॅमकर दादा, रंग दोन छटा फिका करण्याचं पटलं. दुरून बघितलेली वस्तू फिकीच दिसते, आणि आपण टेबलापाशी उभे राहतो म्हणजे गावापासून शे-दीडशे फूट वर उभे असतो. पण फिका करताना पांढरा घालू नका, राखाडी होतो. रॉ अंबर घाला.

आणखी एक, जे तुम्ही दोघांनीही विचारलं नाही. गावकुसाबाहेर घरं ठेवा. वेशीबाहेर मारुती ठेवाल हे मी धरूनच चालले. त्याला शेंदरी रंगाचे पाच-सहा जाड थर द्या, नाक-डोळे बुजेपर्यंत, वर चमक. पण गावकुसाबाहेर माणसंही राहायची. महारवाडा, मांगवाडा भिंतीच्या आत नसायचा. आमच्या गावात ती वस्ती पूर्वेला होती. माळवदाऐवजी कूड आणि पाचटाची सपरं करा, तीन-चार, भिंतीपासून जरा दूर. कुडाला खराट्याच्या काड्या उभ्या लावून वर माती पुसायची. छपराला सुतळी सोडवून तिचे धागे.

तुमच्या खेळात इंग्रजांची फळी पूर्वेकडून येते. गावासमोरच्या तोफा मांडायला ही सपरं तुम्हाला उचलून बाजूला ठेवावी लागतील. बेस वेगळा करा.

पुठ्ठेबहाद्दर

कौलांचा माझा सल्ला मागे घेतो. आणि केरसुणीच्या काड्या रोवताना खाली सनबोर्ड घ्या, एक्सपीएसमध्ये त्या सैल होतात.

सव्वा_इंची_शिपाई

तीन आठवड्यांनी परत आलोय. असईची पाच घरं झाली, पिंपळगावची दोन, पलीकडची दोन. गावकुसाचे अकरा तुकडे, एका तुकड्याला बुरूज. पिंपळ लावला, ताई, पुण्याला यायची गरज नाही. पार थोडा वाकडा झाला.

रंग घटाच्या फोटोशी ताडायचा होता, पण घट बसायला अवकाश होता. म्हणून आईनं कुंडीत काळी माती घालून गहू पेरून दिले आणि म्हणाली, "हे घे, आगाऊ घट." आता बोर्ड आणि कुंडी शेजारी शेजारी ठेवलीत. बोर्ड अजून जरा तांबूस वाटतोय, पुण्याची माती डोक्यातून जात नसावी.

गावकुसाबाहेरची सपरं चार केली. काल सरावासाठी तोफा मांडून बघितल्या आणि ताई म्हणाल्या तसंच झालं, दोन उचलावी लागली. तिघंही थोडा वेळ गप्प होतो. मग ठरलं की उचलायची नाहीत, तोफाच मागे घ्यायच्या. त्यामुळे पोलमनच्या डाव्या टोकाला मारा करायला जागा कमी पडते आणि ७८वीवाला मित्र खूश आहे. मी नाही. ह्याला काही नियम सुचतो का कुणाला?

शेवटचं: माळवदावरचं गवत सगळीकडे सारखं उगवल्यासारखं दिसतंय, गालिचा वाटतो.

कवळीवाली

पन्हळीच्या बाजूला दाट ठेवा, पाणी तिकडं उतरतं. साण्याभोवती काढून टाका, तिथं धुरानं काळं करा. आणि एका माळवदावर अजिबात नको, त्या घरात कुणीतरी नीट लक्ष देणारी बाई राहते.

तांबूसपणाला अगदी पातळ हिरवा वॉश द्या. दातांनाही आम्ही तेच करतो.